द्रवस्फटिक आणि चिवट तंतूंचा पृष्ठभाग: नव्या संशोधकासाठी पहिली पावलं

वेक्ट्रान या कृत्रिम तंतूचा एक धागा हातात घ्या. फिकट सोनेरी रंग, बोटांना गुळगुळीत. घरातली कात्री त्याच्यावरून नुसती घसरत राहते. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं, ते ज्या हवेच्या पिशव्यांवर आपटत थांबलं, त्या पिशव्यांचं कापड याच धाग्याचं होतं. आता हाच धागा इपॉक्सी रेझिनमध्ये बसवा, रेझिन पक्कं होऊ द्या आणि ओढा. म्यानातून तलवार निघावी तसा तो बाहेर येतो. मंगळावरच्या दगडांना पुरून उरणारा धागा साध्या रेझिनला धरून राहत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्याने सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. धागा लांबीच्या दिशेने इतका मजबूत ज्या कारणाने झाला, त्याच कारणाने तो बाजूने कुणाला धरत नाही. कारण एकच आहे: रेणूंची एका दिशेने लागलेली रांग. फुलवाल्याकडचं केळीचं सोपट आठवा. गजरा बांधताना ते ताणलं तर तुटत नाही, पण नखाने उभं चिरलं तर सहज दोन होतं. पुढची सगळी पावलं या एका गोष्टीभोवती फिरतात.

हा लेख एम.एस्सी. केमिस्ट्री, पॉलिमर किंवा टेक्स्टाइल करून प्रयोगशाळेत पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलामुलींसाठी आहे. मला सुरुवातीला कुणी या क्रमाने सांगितलं असतं तर माझे निदान चार महिने वाचले असते.

पाऊल पहिलं: शब्दांची गल्लत आधी मिटवा

१८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलच्या संयुगांवर काम करत होते. कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण द्रव गढूळ राहिला. १७८.५ अंशांवर तो एकदम नितळ झाला. एका पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे असतील? नमुना अशुद्ध आहे म्हणून टाकून देणं सोपं होतं. रायनिट्झरांनी तो जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवला. लेमान यांच्याजवळ नमुना तापवत तापवत ध्रुवित (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशात बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. वाहणारा, तरीही स्फटिकासारखा प्रकाश वळवणारा पदार्थ त्यांना दिसला. तोच द्रवस्फटिक.

तापमान बदललं की ज्याची अशी मधली अवस्था येते तो थर्मोट्रॉपिक. द्रावकाचं प्रमाण बदलल्यावर जी येते ती लायोट्रॉपिक, साबणाच्या घट्ट द्रावणात येते तशी. इथेच बहुतेक नवे लोक घसरतात, कारण केव्हलार (बुलेटप्रूफ जाकिटांचा तंतू) आणि वेक्ट्रान ही दोन्ही नावं एका दमात घेतली जातात. केव्हलार थर्मोट्रॉपिक नाही. तापवलं तर वितळण्याआधीच त्याचे रेणू तुटतात, म्हणून ते तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवून त्या द्रावणातून कातावं लागतं. वेक्ट्रान मात्र खरोखर वितळतं, आणि वितळलेल्या अवस्थेतच द्रवस्फटिक असतं.

केव्हलारच्या मुळाशीही एक गढूळ द्रावण आहे. १९६५ साली ड्यूपाँ या रसायन कंपनीत रसायनतज्ज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती अपेक्षेपेक्षा पातळ आणि ढगाळ द्रावण आलं. यंत्राची बारीक छिद्रं बुजतील म्हणून ते कातायला सहकारी तयार नव्हता. क्वोलेक यांनी आग्रह सोडला नाही. रायनिट्झर आणि क्वोलेक, दोघांनीही गढूळ दिसणारं सॅम्पल फेकलं नाही. तुमच्या टेबलावर कधी असं काही आलं, तर बेसिनकडे जाण्याआधी एक थेंब दोन पोलरायझरच्या (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या गाळण्यांच्या) मध्ये ठेवून बघा.

१९२२ साली जॉर्ज फ्रिडेल यांनी या अवस्थांना नावं दिली. रेणू एका दिशेला तोंड करून आहेत पण थर नाहीत, ती नेमॅटिक. थर लागलेत, ती स्मेक्टिक. दिशा मळसूत्रासारखी फिरत जाते, ती कोलेस्टेरिक. काडीसारखे रेणूच असे वागतात असं तेव्हा धरलं जाई. १९७७ साली बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. तंतूंच्या कामात या चकत्यांना फार महत्त्व आहे. डांबराचं पिच सुमारे ४०० अंशांच्या आसपास तापवत ठेवलं की त्यात सपाट सुगंधी रेणूंचे लहान गोळे तयार होतात, ते एकमेकांत मिसळतात आणि सगळा द्रव द्रवस्फटिक होतो. त्यातून कातलेला कार्बन तंतू पोलादाच्या चौपटीहून जास्त ताठर होऊ शकतो.

पाऊल दुसरं: आधी लहान रेणूवर हात बसवा

पहिल्याच आठवड्यात ३०० अंशांच्या पॉलिमरला हात घालू नका. ५सीबी घ्या. जॉर्ज ग्रे यांच्या गटाने इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेल्या सायनोबायफिनिल कुटुंबातला हा रेणू. घड्याळं आणि कॅलक्युलेटरचे टिकाऊ पडदे याच कुटुंबामुळे शक्य झाले. साधारण २४ ते ३५ अंशांमध्ये तो नेमॅटिक असतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला. मात्र आपल्याकडे खोलीचं तापमान ही विश्वास ठेवण्यासारखी गोष्ट नाही. मे महिन्यात नागपुरात एसी नसलेल्या खोलीत ५सीबी साधा नितळ द्रव असेल. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीत पांढरा गोळा दिसेल. दोन्ही वेळेला रसायन खराब झालेलं नसतं. खोलीतलं तापमान वहीत लिहा आणि पुढे चला.

स्लाइड स्वच्छ धुवा, वाळवा. मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने दहा-पंधरा वेळा घासा, उलटं घासू नका. थेंबभर ५सीबी टाका, वर कव्हरस्लिप. दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात लावा आणि स्लाइड फिरवा. घासलेली दिशा कुठल्याही पोलरायझरला समांतर आली की दृश्य काळवंडतं, ४५ अंशांवर ते सर्वांत उजळ होतं. काचेवरच्या त्या घासण्याने अब्जावधी रेणूंना दिशा दिली. फ्रेंच शास्त्रज्ञ मोगँ यांनी १९११ मध्ये हे वापरलं होतं, आणि पुढे टीव्हीच्या पडद्यांच्या कारखान्यांत हेच तत्त्व चाललं. द्रवस्फटिक पृष्ठभागाचं ऐकतो. आपल्या विषयाचे दोन भाग इथेच एकमेकांना भेटतात.

न घासलेल्या स्लाइडवर काळ्या धुरकट पट्ट्या दिसतील, एखाद्या बिंदूतून दोन किंवा चार निघालेल्या. त्यांना श्लीरेन पोत म्हणतात. दोन पट्ट्यांचा बिंदू दिसला की समोरची अवस्था नेमॅटिक असण्याचा चांगला पुरावा मिळाला. साध्या स्मेक्टिकमध्ये असा बिंदू टिकत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा दुरून सोडा. ३५ अंश ओलांडले की सगळं एकदम काळं. हवा बंद करा, काळ्यातून लहान लहान उजळ थेंब उगवतील आणि एकमेकांत मिसळतील. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही केलं नाही. तुम्हीही वेळ द्या. नंतर मोठ्या पॉलिमरच्या चिवट, संथ पोतातून अर्थ काढताना हेच डोळे कामाला येतात.

आता एक तंतू त्या थेंबात आडवा ठेवा. तंतूच्या कडेला ५सीबीचा पोत बदललेला दिसेल. तिथले रेणू तंतूला समांतर झोपलेत की काटकोनात उभे आहेत, यावरून तंतूच्या पृष्ठभागाचा स्वभाव कळू लागतो. इथे सावध राहा. तंतू पोलरायझरला समांतर धरल्यावर कड काळी दिसली, एवढ्यावरून ‘रेणू समांतर आहेत’ असं लिहू नका. काटकोनात असतील तरी कड काळीच दिसते. निवाडा करायला ४५ अंशांवर क्वार्ट्झची पाचर सरकवावी लागते आणि रंग चढतात की उतरतात ते बघावं लागतं. मायक्रोस्कोपच्या खोक्यात ही पाचर बहुधा असते, पण बरेच जण ती बाहेरच काढत नाहीत.

पाऊल तिसरं: डीएससीचा आलेख वाचायला शिका

डीएससी यंत्र सॅम्पल तापवताना-थंड करताना त्यात किती उष्णता येते-जाते ते मोजतं. ५ ते १० मिलिग्रॅम सॅम्पल, नायट्रोजन, मिनिटाला १० अंश. तापवा, थंड करा, पुन्हा तापवा. पहिल्या तापवण्यात सॅम्पलचा पूर्वेतिहास दिसतो, दुसऱ्यात त्याचा मूळ स्वभाव. तंतूच्या बाबतीत मात्र तो इतिहासच आपल्याला हवा असतो, म्हणून पहिला आलेख फेकू नका. यंत्र इंडियम धातूने तपासून घ्या: वितळण १५६.६ अंश, उष्णता ग्रॅममागे साधारण २८.४ जूल.

लहान रेणूंत स्फटिक वितळतानाचं शिखर मोठं असतं आणि नेमॅटिक नितळ होतानाचं अगदी बारीक. ते बारीक शिखर नजरेतून निसटू देऊ नका. वेक्ट्रान ज्यापासून होतं त्या पॉलिमरमध्ये तर सुमारे २८० अंशांचं वितळण्याचं शिखरच इतकं बुटकं असतं की नव्या माणसाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. बिघडलेलं काही नाही. काड्या वितळण्याआधीही रांगेत होत्या आणि वितळल्यावरही जवळपास रांगेतच आहेत. मोडणारी शिस्तच थोडी, म्हणून उष्णताही थोडी. आणि नितळ होण्याचं शिखर शोधत वर वर जाऊ नका, ते यायच्या आधी पॉलिमर जळू लागतो.

पाऊल चौथं: तंतू कसा जन्मतो ते समजून घ्या

पृष्ठभागावर काम करायचं म्हणून कताईकडे पाठ फिरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पृष्ठभागाची निम्मी गोष्ट कताईतच लिहिली जाते.

नुसत्या हायड्रॉक्सीबेंझोइक आम्लाचा पॉलिमर केला तर तो इतका सरळ, इतका घट्ट बसतो की वितळण्याआधी तुटतो. म्हणून सरळ साखळीत थोडा वाकडेपणा मुद्दाम घालतात. वेक्ट्रानच्या कुळात १०० पैकी सुमारे ७३ तुकडे हायड्रॉक्सीबेंझोइक आम्लाचे आणि २७ हायड्रॉक्सीनॅफ्थॉइक आम्लाचे असतात. नॅफ्थलीनचा तुकडा साखळीला बाजूला सरकवतो, पण मोडत नाही. स्फटिक नीट बसत नाही, वितळणबिंदू खाली येतो आणि काडीपणा मात्र टिकतो. प्रमाण कमी-जास्त केलं तर काय होतं, हा प्रश्न स्वतःला विचारून कागदावर उत्तर मांडा. या क्षेत्रातलं अर्धं रसायनशास्त्र त्यात आहे.

वितळलेला पॉलिमर बारीक छिद्रातून बाहेर पडतो आणि लगेच वेगाने ओढला जातो. नदीच्या अरुंद पात्रात शिरणारे बांबू आपोआप प्रवाहाच्या दिशेला होतात, तशा काड्या लांबीच्या दिशेला लागतात. छिद्राच्या आतल्या घासण्यापेक्षा बाहेरच्या या ताणाचं काम मोठं. साध्या पॉलिएस्टरला नंतर पुन्हा खेचावं लागतं, याला त्याची गरज नसते. पण कताईआधी पॉलिमरच्या गोळ्या सुमारे १५० अंशांवर कित्येक तास सुकवल्याच पाहिजेत. हा पॉलिएस्टर आहे. ३०० अंशांच्या आसपास थोडंसं पाणीही साखळ्या कापतं, आणि तंतू काचेसारखा तुटत राहतो.

कातून लगेच मिळालेला तंतू अजून अपुरा असतो. तो सैल गुंडाळून, वितळणबिंदूच्या थोडं खाली, कोरड्या नायट्रोजनमध्ये कित्येक तास ठेवतात. घन अवस्थेतच साखळ्यांची टोकं जुळतात, रेणू लांबतो आणि ताकद दुपटीहून अधिक वाढून ३ गिगापास्कलच्या आसपास जाते. या तापवण्यात पृष्ठभागही बदलतो. म्हणून ‘तापवलेला’ आणि ‘न तापवलेला’ हे दोन वेगळे पदार्थ समजा, एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नका.

पाऊल पाचवं: पृष्ठभागाला हात लावण्याआधी

क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारं एक्सपीएस यंत्र वरच्या जेमतेम १० नॅनोमीटरची बातमी देतं. तंतूचा व्यास २२ मायक्रोमीटर धरला तर ही जाडी त्याच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. रेझिनशी नातं जुळतं ते या थराचं. आणि हा थर बोटाच्या तेलाने, खोक्याच्या वाफेने, टेपच्या गोंदाने सहज झाकला जातो.

माझ्या बाबतीत हेच झालं. प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) दिलेल्या तंतूंवर पाण्याचा थेंब पसरायला हवा होता, तो गोळा होऊन बसत होता. तीन आठवडे मी प्लाझ्माची शक्ती वाढवत राहिलो. शेवटी एक्सपीएस केलं तर १०२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सिलिकॉनचं ठसठशीत शिखर. माझ्या तंतूत सिलिकॉन असण्याचं काही कारणच नव्हतं. मी तंतू ज्या दुहेरी टेपवर ताणून ठेवत होतो, तिच्यावरच्या सोलायच्या कागदाचा सिलिकोनचा तो थर होता. तीन आठवडे मी टेपचं रसायन मोजत होतो. त्या दिवसापासून कुठलाही नवा तंतू, नवी टेप, नवे हातमोजे आले की आधी कोरं एक्सपीएस करून घेतो.

कारखान्यातून आलेल्या धाग्यावर तेलाचा लेप असतो, यंत्रावर तो नीट चालावा म्हणून दिलेला. तो सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) काढा, आधी अॅसिटोन, मग इथेनॉल, आणि वजन घेऊन किती निघाला ते लिहा. तंतू काचेच्या चौकटीवर ताणा, काचेच्या झाकणाच्या भांड्यात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. पावडर लावलेले हातमोजे नकोत. टोकांनाच चिमटा लावा, मधल्या भागाला नाही. वेक्ट्रान उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतं, तेव्हा भांडं खिडकीत ठेवू नका.

पाऊल सहावं: केसापेक्षा बारीक तंतूवर स्पर्शकोन

सपाट फिल्मवर थेंब ठेवून त्याची कड पृष्ठभागाशी करते तो कोन मोजणं कॉलेजात केलेलं असतं. तंतूवर थेंब ठेवला की तो तंतूभोवती पिंपासारखा गुंडाळतो, आणि कडेला काढलेली स्पर्शरेषा फसवते. म्हणून विल्हेल्मीची पद्धत वापरतात: तंतू नाजूक तराजूला उभा टांगायचा, द्रव खालून वर आणायचा आणि द्रव तंतूला किती ओढतो ते मोजायचं. ओढ म्हणजे पृष्ठताण गुणिले परीघ गुणिले कोनाचा कोसाइन.

यंत्राला हात लावण्याआधी आकडा कागदावर काढा. धाग्यातला एक तंतू ५ डेनियरचा असेल तर ९,००० मीटरचं वजन ५ ग्रॅम. घनता १.४१ धरून व्यास येतो सुमारे २२.४ मायक्रोमीटर. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना मीटरमागे ७२.८ मिलिन्यूटन. पूर्ण भिजला तरी ओढ साधारण ५ मायक्रोन्यूटन, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाएवढी. कोन ६० अंश असेल तर त्याच्या निम्मी. आता कळेल की दार उघडल्याच्या झुळुकीने आकडा का हलतो, आणि हे काम रात्री किंवा रविवारी का करतात.

एका द्रवाने भागत नाही. पाणी आणि डायआयोडोमिथेन ही जोडी घ्या, दोन्हींच्या कोनांवरून ओवेन्स–वेंट पद्धतीने पृष्ठऊर्जेचे ध्रुवीय आणि अध्रुवीय हिस्से वेगळे करा. डायआयोडोमिथेन उजेडात तपकिरी पडतं. तपकिरी झालेलं वापरू नका. तंतू आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा कोन वेगळा येईल. दोन्ही लिहा. सोयीचा तेवढाच निवडलात तर पुढे स्वतःलाच फसाल.

पाऊल सातवं: प्लाझ्मा आणि घड्याळ

पकड वाढवण्याचे मार्ग तंतूनुसार बदलतात. कार्बन तंतूला कारखान्यातच विद्युत-रासायनिक ऑक्सिडेशन देतात आणि वर पातळ लेप चढवतात. डायनीमासारख्या पॉलिथिलीन तंतूवर रासायनिक पकडीला जागाच नसते, शिवाय तो १५० अंशांच्या अलीकडे-पलीकडे वितळतो, म्हणून जास्त तापमानाला पक्कं होणारं इपॉक्सी त्याला चालत नाही. वेक्ट्रानसारख्या पॉलिएस्टरला ऑक्सिजन प्लाझ्मा हा नव्या माणसासाठी बरा आरंभ आहे.

प्लाझ्माने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि पाणी पसरतं. पण पृष्ठभाग तसा राहत नाही. ध्रुवीय गट आत वळतात, हवेतली घाण वर बसते, आणि थेंब पुन्हा गोळा होऊ लागतो. म्हणून वहीत प्लाझ्माच्या शक्तीइतकीच महत्त्वाची नोंद आहे ती वेळेची: चेंबर उघडला कधी, रेझिन लावलं कधी. शक्यतो दोन्हींमध्ये एक तासापेक्षा जास्त जाऊ देऊ नका, आणि प्रत्येक सॅम्पलला तेवढाच वेळ द्या.

प्रत्येक उपचारानंतर एकेका तंतूची ताणशक्ती पुन्हा मोजा. कागदी खिडकीवर तंतू चिकटवा, यंत्रात लावा, मग खिडकीच्या कडा कापा. आकडे विखुरलेले येणारच, कारण तंतू त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी तुटतो. ३० तंतू तोडा आणि वायबुल आलेख (किती ताणाला किती तंतू तुटले ते दाखवणारा) काढा, नुसती सरासरी देऊ नका. पकड २० टक्के वाढली आणि ताकद तेवढीच घटली, तर हाती काय लागलं ते मार्गदर्शकांना सांगण्याआधी स्वतःला विचारा.

पाऊल आठवं: थेंब ओढून बघा

मायक्रोबाँड चाचणीत तंतूवर इपॉक्सीचा छोटा थेंब पक्का करतात, दोन पात्यांमध्ये थेंब अडवतात आणि तंतू ओढतात. पकड म्हणजे बळ भागिले थेंबाखालचं क्षेत्रफळ. २२ मायक्रोमीटरच्या तंतूवर १०० मायक्रोमीटरचा थेंब ०.२ न्यूटनला सुटला, तर उत्तर सुमारे २९ मेगापास्कल.

आता उलटा हिशेब करा. तोच तंतू ३ गिगापास्कलचा असेल तर तो १.२ न्यूटनच्या आसपास तुटेल. पकड ३० मेगापास्कल असली तर ५०० मायक्रोमीटरचा थेंब सोडवायला १ न्यूटनहून जास्त बळ लागेल. म्हणजे थेंब सुटायच्या बेतात असताना तंतूच तुटू लागेल मजबूत पकडीचे थेंब मोजणीतून गळतील आणि आकडे तिरके होतील. थेंब ३०० मायक्रोमीटरच्या आत ठेवा. सुईच्या टोकाने थेंब लावण्याचा सराव नायलॉनच्या मासेमारीच्या दोरीवर करा, स्वस्त आहे. पहिले दोन दिवस एकही थेंब नीट बसणार नाही. तिसऱ्या दिवशी बसू लागतात.

आणि थेंब सुटल्यावर काम संपत नाही. तोच तंतू एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) ठेवा आणि थेंब जिथे होता ती जागा शोधा. गुळगुळीत असेल तर रेझिन तंतूवरून सुटलं, पृष्ठभागाला अजून वाव आहे. पण पुष्कळदा वेगळंच दिसतं: तंतूची वरची साल रिबिनीसारखी सोलून रेझिनसोबत गेलेली, खाली उभे बारीक तंतुक उघडे पडलेले. तसं दिसलं की प्लाझ्मा कितीही वाढवला तरी आकडा वर जाणार नाही. रेझिनने साल घट्ट धरली, पण सालच तंतूला धरून नव्हती. सोपटाला नख लागलं. इथून पुढचा प्रश्न पृष्ठभागाचा उरत नाही. काड्या एकमेकींना आडव्या कशा बांधायच्या, हा तो प्रश्न, आणि तो तुम्हाला परत वितळलेल्या द्रवस्फटिकाकडे घेऊन जातो. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत चांगला पीएच.डी.चा प्रश्न इथेच दडलेला आहे. एसईएमचे ते फोटो न काढता नुसते आकडे छापणाऱ्या लोकांना तो सापडत नाही.

सॅम्पल कुठे न्यायचं

सगळी यंत्रं एका छताखाली मिळत नाहीत. महाराष्ट्रात असाल तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, माटुंग्याचं रसायन तंत्रज्ञान संस्थान, घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आणि पवईच्या आयआयटीतलं सैफ हे यंत्रकेंद्र ही विचारपूस करायची ठिकाणं. द्रवस्फटिकांसाठी बंगळुरूची परंपरा मोठी आहे. सॅम्पल पाठवण्याआधी तिथल्या ऑपरेटरना फोन करा, तंतू किती लांब लागतो आणि कसा लावायचा ते विचारा. ‘सर, मी पहिल्यांदाच पाठवतोय’ किंवा ‘मॅडम, पहिलीच वेळ आहे’ असं मोकळेपणाने सांगितलं की ते खुलून मदत करतात. कार्बन तंतू असेल तर तेही आधी सांगा. त्याचे तुटके कण वीज वाहून नेतात, यंत्राच्या आत गेले तर सर्किट बिघडवतात.

पाकिटावर फक्त ‘सॅम्पल ३’ असं लिहू नका. धाग्याचा लॉट क्रमांक, तापवलेला की न तापवलेला, कशाने धुतला, प्लाझ्मा किती मिनिटं, चेंबर उघडल्याची तारीख आणि वेळ, आणि तंतूचं कुठलं टोक तुम्ही चिमट्यात धरलं होतं, हे सगळं पेन्सिलने लिहा. पेनची शाई अॅसिटोनने पुसली जाते.